गोळी घ्यावी की नाचणी खावी?

वाचकहो, या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हाडांच्या ठिसूळपणाविषयीची पत्रे अलीकडे बरीच असतात आणि त्यांतील बहुतेकांचा सूर एकच असतो. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झालेली असते. अहवालावर ‘टी-स्कोअर’ म्हणून उणे अडीचच्याही खालचा एखादा आकडा असतो. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यावयाची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून द्यावयाचे औषध लिहून दिलेले असते. मग औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद घरातले कोणीतरी भिंग धरून वाचते आणि त्यावर जबड्याच्या हाडाचा नाश, मांडीचे हाड मोडणे, अन्ननलिकेत व्रण असे शब्द सापडतात. हाडे बळकट व्हावीत म्हणून दिलेल्या औषधानेच हाड मोडू शकते, हे वाचून कोणाचेही मन कचरावे यात नवल नाही. गोळ्यांची पट्टी कपाटात जाते आणि घरात नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, कांडवेल आणि सकाळचे ऊन असा क्रम सुरू होतो.

अशाच एका पत्रात एका भगिनीने आपल्या ७१ वर्षांच्या सासूबाईंची हकिकत कळविली आहे. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे मनगट मोडले. पुढे तपासणीत टी-स्कोअर उणे २.९ निघाला. गोळी सुरू झाली. परंतु दुसऱ्याच आठवड्यात छातीत जळजळ झाली आणि त्यांनी ती बंद केली. सूनबाईंचा प्रश्न असा, की आहार, ऊन आणि व्यायाम यांनी काम भागत असेल तर दुष्परिणामांची जोखीम कशासाठी पत्करावी; आणि भागत नसेल तर ते ओळखावे कसे? प्रश्नाचा हा दुसरा भाग फार थोडे लोक विचारतात. त्यासाठी त्यांचे कौतुक केले पाहिजे.

आपण सारे अशा वेळी मनात एक तराजू धरतो. एका पारड्यात गोळी आणि तिचे दुष्परिणाम, दुसऱ्या पारड्यात नाचणी आणि तिची निरुपद्रवता. असे वजन केले तर नाचणीच जिंकणार. मात्र या मांडणीत मुळातला आजारच कोठे ठेवलेला नाही. औषध न घेण्याच्या पारड्यात नाचणीच्या भाकरीबरोबर पुढील काही वर्षांत होऊ शकणारा अस्थिभंगही ठेवावा लागतो आणि तो हलका नसतो.

अस्थिसुषिरता, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेतील ऑस्टिओपोरोसिस, हा मुका आजार आहे. गुडघे दुखतात म्हणून हाडे ठिसूळ झाली असावीत, असा समज अनेकांचा असतो. पण गुडघेदुखी बहुधा सांध्याच्या झिजेची असते. ठिसूळ झालेले हाड मोडेपर्यंत दुखत नाही. आपले हाड जिवंत असते. जुने हाड पोखरणाऱ्या पेशी आणि नवे हाड भरणाऱ्या पेशी यांचे काम त्यात आयुष्यभर चालू असते. तरुणपणी दोन्ही कामे जुळून असतात. स्त्रियांची पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत इस्ट्रोजेन घटल्यामुळे पोखरण्याचा वेग वाढतो आणि भरणे मागे पडते. पुरुषांतही हे घडते, मात्र उशिरा आणि संथपणे. म्हणून सत्तरी ओलांडलेल्या आजोबांनी हा लेख आजीपुरता समजू नये.

मोडते ते प्रामुख्याने तीन ठिकाणी: मनगट, मणका आणि खुबा. मनगट सहा आठवड्यांत जुळते आणि घरचे लोक निःश्वास टाकतात. वास्तविक उभ्या उंचीवरून, साध्या पडण्याने मोडलेले मनगट ही पुढच्या अस्थिभंगाची आगाऊ सूचना असते. मणका तर कित्येकदा न कळत दबतो. पाठीत चार दिवस चमक भरली एवढेच आठवते आणि वर्षा-दोन वर्षांनी पाठीला पोक येते. तरुणपणीच्या उंचीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर उंची घटली असेल तर मणक्यांचा एक्स-रे काढून घ्यावा. खुब्याविषयी मात्र स्पष्टच लिहिले पाहिजे. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचांतील एक जण वर्षभरात दगावतो आणि जे वाचतात त्यांतील अनेकांना पूर्वीसारखे आधाराशिवाय हिंडता-फिरता येत नाही. शुश्रूषेचा भार ज्यांनी वाहिला आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

आता औषधे काय करतात ते पाहू. बिस्फॉस्फोनेट हा औषधांचा गट हाड पोखरणाऱ्या पेशींना आवर घालतो. अ‍ॅलेंड्रोनेट व रिसेड्रोनेट या गोळ्या आणि शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ही त्यांतील नेहमीची नावे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, मणका आधीच दबलेल्या सुमारे दोन हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना अ‍ॅलेंड्रोनेट व निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली गेली. सुमारे तीन वर्षांत नवा मणका दबला तो औषधाविना शंभरातील १५ जणींचा, औषधाने ८ जणींचा. खुबा मोडला तो औषधाविना २.२ टक्के आणि औषधाने १.१ टक्के स्त्रियांचा. २००७ साली झोलेड्रोनिक अ‍ॅसिडच्या चाचणीत तीन वर्षांत मणका दबण्याचे प्रमाण १०.९ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत, अशी माझी विनंती आहे. औषध न घेतलेल्या शंभरातील ८५ जणींचा नवा मणका त्या तीन वर्षांत दबला नाही, हेही त्यांतच आहे. म्हणजे शेजारच्या काकूंनी गोळी न घेता काही झाले नाही, ही गोष्ट खरी असते. तिच्यावरून आपल्याविषयी काही ठरत नाही, इतकेच. आणि ज्यांचा धोका मुळातच कमी आहे, त्यांना औषधाचा फायदाही तेवढाच कमी मिळतो. हा मुद्दा पुढे कामाचा आहे.

दुष्परिणामांपैकी सर्वांत अधिक आढळणारा आहे घशाशी व छातीत होणारी जळजळ, आणि त्याचे कारण पुष्कळदा गोळी घेण्याच्या पद्धतीत असते. ही गोळी अन्ननलिकेला चिकटली तर तिथे दाह करते. म्हणून ती सकाळी उठल्यावर, अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गिळावयाची आणि पुढे किमान अर्धा तास आडवे व्हावयाचे नाही, वाकून झाडलोट करावयाची नाही. त्या अर्ध्या तासात चहा नाही, दूध नाही, दुसरे औषध नाही. कॅल्शियमची गोळी तर जेवणानंतरच. आपल्याकडे पहाटे उठून गोळी घोटभर चहाबरोबर घ्यावयाची आणि पुन्हा पांघरुणात शिरावयाचे, ही सवय अनेक घरांत आहे. चहा-दुधाबरोबर घेतलेली ही गोळी शोषलीच जात नाही, तेव्हा फायदा बुडतो आणि जळजळ तेवढी पदरी पडते. ज्यांना अर्धा तास ताठ बसवत नाही, ज्यांना गिळताना अडकते किंवा अन्ननलिकेचा विकार आहे, त्यांना ही गोळी देऊच नये. त्यांच्यासाठी शिरेतून द्यावयाचे औषध आहे. त्याच्या पहिल्या खेपेनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी पुष्कळांना होते. साध्या पॅरासिटामॉलने ती आटोक्यात राहते व पुढच्या वर्षी बहुधा इतकी होत नाही. मूत्रपिंडाचे काम फार मंदावलेले असेल तर मात्र हा गट टाळावा लागतो, म्हणून रक्तातील क्रिएटिनिन, कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व आधी तपासून घ्यावे.

जबड्याच्या हाडाचा नाश हा कागदावरचा सर्वांत भयंकर शब्द. त्याची पहिली नोंद २००३ साली झाली. त्यातील बहुसंख्य रुग्ण कर्करोगाचे होते आणि त्यांना हीच औषधे कितीतरी अधिक मात्रेत, वारंवार दिली जात होती. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिल्या जाणाऱ्या मात्रेत हे प्रमाण दहा हजार जणांनी वर्षभर औषध घेतल्यास एखाद्यास, किंवा त्याहूनही कमी, इतके आहे. दात काढणे, कवळीची जखम, हिरड्यांचा जुना संसर्ग यांनी तो धोका वाढतो. यावर उपाय साधा आहे: औषध सुरू करण्यापूर्वी दंतवैद्याकडे जाऊन काढावयाचे दात काढून घ्यावेत, जखम भरू द्यावी, आणि पुढेही दंतवैद्यास या औषधाची कल्पना द्यावी.

मांडीच्या हाडाचा अनोखा अस्थिभंग अधिक गंभीरपणे घ्यावयास हवा, कारण तो आपल्याशी थोडा अधिक निगडित आहे. दीर्घकाळ औषध घेतल्यावर, फारसे न पडताही, मांडीचे हाड मधोमध आडवे तडकते. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातील सुमारे दोन लाख स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. दहा हजार गोऱ्या स्त्रियांनी तीन वर्षे औषध घेतले तर खुब्याचे १४९ अस्थिभंग टळतात आणि असे अनोखे अस्थिभंग २ होतात. आशियाई वंशाच्या स्त्रियांत मात्र ९१ टळतात आणि ८ होतात, असे त्यातून दिसले. म्हणजे आशियाई स्त्रियांत फायदा काहीसा कमी आणि धोका काहीसा अधिक. तरीही एक्क्याण्णवास आठ. टळलेले मणके आणि मनगटे या हिशेबात धरलेलीही नाहीत. औषधाची वर्षे वाढतात तसा हा धोका वाढतो व औषध थांबविल्यावर लवकर उतरतो. म्हणूनच गोळ्यांच्या साधारण पाच वर्षांनी, किंवा शिरेतील औषधाच्या तीन वर्षांनी, थांबून फेरविचार करण्याची पद्धत आहे. धोका कमी झालेला असेल तर काही वर्षे सुटी घेता येते, कारण औषध हाडांत मुरलेले असते व त्याचा परिणाम हळूहळू ओसरतो. या काळात मांडीत किंवा जांघेत खोल, सतत दुखू लागले तर तो वात समजून तेल चोळत बसू नये. दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढावा. हाड पूर्ण तडकण्यापूर्वी आठवडे-महिने ही सूचना पुष्कळांना मिळते.

येथे एका निराळ्या औषधाविषयी सावध करणे आवश्यक वाटते. डेनोसुमॅब हे दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचावयाचे औषध परिणामकारक आहे, मूत्रपिंड मंदावलेल्यांनाही ते विचारपूर्वक देता येते. पण त्याला सुटी नाही. ते हाडांत मुरून राहत नाही. टोचण्याची तारीख चुकली, की रोखून धरलेली झीज एकदम उसळते आणि काहींचे एकाच वेळी अनेक मणके दबतात. दुष्परिणामांच्या भीतीने, खर्चामुळे किंवा परगावी मुलाकडे गेल्यामुळे हे औषध परस्पर बंद करणे, हे न घेण्याहूनही वाईट ठरू शकते. बंद करावयाचे असेल तर त्याच्या जागी दुसरे औषध कोणते, हे आधी ठरवून घ्यावे. सुरू करतानाच हे समजावून सांगणे डॉक्टरांचे काम आहे. ते होत नसेल तर आपण विचारावे.

आता नाचणीकडे वळू. वाचकांनी असे समजू नये, की आहार-व्यायामाची बाजू मी औपचारिकतेने, शेवटी दोन ओळींत उरकणार आहे. २०२१ साली ऑस्ट्रेलियातील एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिक्टोरिया राज्यातील ६० वृद्धाश्रमांतील सात हजारांहून अधिक रहिवाशांपैकी निम्म्या आश्रमांत जेवणातील दूध, दही, चीज वाढविले. कॅल्शियम रोज सुमारे ७०० मिलिग्रॅमवरून ११४२ पर्यंत आणि प्रथिने शरीराच्या दर किलोमागे १.१ ग्रॅमपर्यंत नेली. दोन वर्षांत तेथे एकूण अस्थिभंग ३३ टक्क्यांनी व खुब्याचे अस्थिभंग ४६ टक्क्यांनी कमी झाले. हे रहिवासी सरासरी ८६ वर्षांचे होते. आता या वयात खाऊन काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. मात्र तेथे औषधाऐवजी अन्न दिलेले नव्हते. ज्यांच्या ताटात कमी पडत होते, त्यांची उणीव भरून काढली होती.

आपल्या ताटाचा हिशेब करून पाहू. पाळी गेलेल्या स्त्रीस दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात ते सुमारे ३५० असते, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्यांत जवळपास तेवढे. पेलाभर दुधात सुमारे २४०, वाटीभर दह्यात दोनशेच्या आसपास, मोठा चमचाभर सालासकट तिळांत सव्वाशे. यांची बेरीज नऊशेच्या घरात जाते आणि शेवग्याच्या पाल्याची किंवा राजगिऱ्याची भाजी असेल तर उरलेलेही भरून निघते. नाचणी मोड आणून सत्त्वाच्या रूपात घेतली तर तिच्यातील कॅल्शियम अधिक चांगले शोषले जाते. पालकात कॅल्शियम दिसते खरे, पण त्यातील ऑक्झलेट ते अडवून ठेवते. आणि प्रथिने विसरू नयेत. दात गेल्यावर अनेक वृद्धांचे जेवण मऊ भात, चहात बुडवलेले बिस्किट आणि केळे यांवर येते. डाळ, अंडे, मासे, पनीर ताटातून निघून जातात. हाडाचा मोठा भाग प्रथिनांचा असतो आणि पडताना सावरणारा स्नायूही त्याच मालाचा.

सकाळच्या कोवळ्या उन्हाविषयी लोकांची फार श्रद्धा आहे. ते मनाला प्रसन्न करते, फिरायला उत्तम. पण त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्यात अगदीच थोडे असतात. ते किरण साधारण अकरा ते दोन या वेळात मिळतात आणि खिडकीच्या काचेतून येत नाहीत. हिवाळ्यात पंधरा-वीस मिनिटे हात-पाय उघडे ठेवून गच्चीत बसता येईल. वैशाखात विदर्भातल्या आजोबांनी हा प्रयोग करू नये. त्यांच्यासाठी गोळी किंवा भुकटीची पुडी बरी. मात्र तीही मोजून. एकाच वेळी प्रचंड मात्रा देऊन मोकळे व्हावे, या कल्पनेची परीक्षा ऑस्ट्रेलियात झाली. वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिलेल्या सत्तरीपुढील स्त्रिया कमी पडण्याऐवजी अधिक पडल्या आणि त्यांची हाडेही अधिक मोडली. २०१० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्याची साठ हजारांची पुडी डॉक्टरांनी आठ आठवडे सांगितली असेल, तर ती दोन वर्षे चालू ठेवू नये.

मोबाइलवर फिरणारा गव्हाएवढ्या चुन्याचा सल्लाही अनेक पत्रांत येतो. चुना दाहक आहे, तोंडाच्या व अन्ननलिकेच्या अस्तरास भाजतो. शिवाय गव्हाच्या दाण्याएवढ्या चुन्यात कॅल्शियम असते ते फार तर पंचवीस-तीस मिलिग्रॅम. तेवढे चार-पाच चहाचे चमचे दुधातून मिळते. कांडवेलीची गोष्ट वेगळी आहे. मोडलेले हाड सांधण्यासाठी तिचा वापर परंपरेने होत आला आहे आणि तिच्यावर प्रयोगशाळेत व लहान प्रमाणावर रुग्णांतही अभ्यास झालेले आहेत. चरकसंहितेत अस्थींच्या विकारांसाठी बस्ती आणि तिक्त द्रव्यांनी सिद्ध केलेले दूध-तूप सांगितलेले आहे. जाणत्या वैद्यांच्या देखरेखीखाली हे करण्यास माझी हरकत नाही. पण कांडवेलीने वृद्धांच्या खुब्याचे अस्थिभंग कमी होतात, असे दाखविणारी, वर सांगितल्यासारखी मोठी चाचणी झालेली नाही. धोका अधिक असलेल्या माणसाने तिच्यावर सारा भरवसा ठेवावा, असे मला वाटत नाही.

खरी भीती बाळगावी ती लेबल नसलेल्या पुड्यांची. सांधेदुखीवर जादूसारखा गुण देणाऱ्या, शुद्ध वनस्पतीजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याच्या नोंदी आपल्या देशात अनेकदा झाल्या आहेत. स्टेरॉइड तीन महिन्यांहून अधिक पोटात गेले, की हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात. चार दिवसांत गुडघे पूर्ण थांबले, भूक वाढली, चेहरा गोल दिसू लागला, तर त्या पुडीची चौकशी करावी. अशी पुडी बरेच दिवस घेतलेली असेल तर ती एकाएकी न सोडता आधी डॉक्टरांना दाखवावी.

व्यायामाविषयीही एक सावधगिरी, आणि ती योगप्रेमी वाचकांनी मनावर घ्यावी. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांपैकी काहींनी पाठ पुढे वाकविण्याचे व्यायाम केले, काहींनी पाठ ताठ व मागे नेण्याचे. पुढे वाकणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांचे मणके नव्याने दबले. पाठ ताठ करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांचे. अभ्यास लहान असला तरी इशारा स्पष्ट आहे. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन आणि सूर्यनमस्कारातील खोल वाकणे हे टी-स्कोअर उणे अडीचच्या खाली गेलेल्यांनी वर्ज्य करावे. ताडासन, भिंतीला पाठ टेकून उभे राहणे, पोटावर झोपून छाती अलगद उचलणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, हे त्यांचे व्यायाम. केवळ चालण्याने हाडांची घनता फारशी वाढत नाही; हाडाला भार लागतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठवड्यातून दोनदा अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, वजने उचलणाऱ्या स्त्रियांच्या कमरेच्या मणक्यांची घनता आठ महिन्यांत २.९ टक्क्यांनी वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली हळूहळू वजन वाढवावे. घरात एकट्याने पाण्याचा हंडा उचलून हा प्रयोग करू नये.

मग कोणी काय करावे? साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल, तर माझ्या मते औषध घ्यावे की नाही हा वाद उरत नाही. कोणते घ्यावे, एवढेच ठरवावयाचे. वय साठीच्या आत, टी-स्कोअर उणे एक ते उणे अडीच यांच्यामध्ये, पूर्वी अस्थिभंग नाही, स्टेरॉइड नाही, आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडलेला नाही, अशा भगिनीने गोळीची घाई करू नये. तिच्यासाठी आहार, व्यायाम आणि दोन वर्षांनी त्याच यंत्रावर पुन्हा डेक्सा, हेच योग्य. अशा स्त्रियांना केवळ अहवालावरचा लाल पट्टा पाहून औषध लिहिले जाते, तेव्हा त्यांचा संशय रास्त असतो. ज्यांचे वय फार झाले आहे, त्यांच्यासाठी औषधाचा फायदा दिसू लागण्यास सुमारे वर्ष लागते, हे लक्षात घ्यावे. ८२ वर्षांच्या हिंडत्या-फिरत्या आजींना तो मिळू शकतो. अंथरुणास खिळलेल्या, आयुष्याच्या अखेरीस आलेल्या माणसास गोळीसाठी अर्धा तास ताठ बसविण्यात अर्थ नाही.

पत्रलेखिका भगिनींच्या सासूबाईंचे मनगट साध्या घसरण्याने मोडले आहे आणि टी-स्कोअर उणे २.९ आहे. त्यांच्या बाबतीत औषधाचे पारडे जड आहे. नाचणी, दही, व्यायाम हे चालूच ठेवावे, कारण पुरेसे कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व नसेल तर औषधही नीट काम करीत नाही. जळजळ झाली ती गोळी कशी घेतल्यावर, हे डॉक्टरांना नेमके सांगावे. पद्धत बरोबर असूनही झाली असेल तर शिरेतील औषधाविषयी विचारावे. आणि केवळ नैसर्गिक उपायांनी भागत नसल्याची खूण कोणती, याचे उत्तर असे: उंची घटणे, पाठीत अचानक कळ येऊन दिवसेंदिवस न जाणे, दोन डेक्सांमध्ये घनतेची लक्षणीय घट, किंवा दुसरा अस्थिभंग. यांतील शेवटच्या खुणेची वाट पाहावी लागू नये म्हणूनच आत्ता भेट घ्यावी.

शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी एक काम या आठवड्यातच करावे. हाड कितीही ठिसूळ असले तरी खुबा बहुधा पडल्याशिवाय मोडत नाही, आणि वृद्ध पुष्कळदा घरातच पडतात. रात्री लघवीला उठण्याच्या वाटेवर मंद दिवा असावा. न्हाणीघरात कमोडजवळ आणि नळाजवळ भिंतीत पक्के बसविलेले आधारदांडे असावेत; टॉवेल अडकविण्याची नळी माणसाचे वजन पेलत नाही. दारातले सरकणारे पायपुसणे काढून टाकावे. लांब साडीचा किंवा लुंगीचा घोळ वर घ्यावा, झिजलेल्या तळव्याची सपाता फेकावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकलेली असेल तर ती करून घ्यावी. आणि घरातील सारी औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे मांडावीत: झोपेची गोळी, रक्तदाबाच्या दोन-तीन गोळ्या, सर्दीचे गुंगी आणणारे औषध. उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बसून व उभे राहून, असा दोनदा रक्तदाब मोजण्यास सांगावे. कपाटात ठेवून दिलेली ती पट्टीही त्याच पिशवीत टाकावी. ती का थांबविली हे डॉक्टरांना कळल्याशिवाय पुढचे औषध ठरविता येत नाही.